उजवी दिली

आमच्या घरात शेवटचा शब्द माझा. हे मी माझ्या तोंडानं सांगतो असं नाही, सगळेच म्हणायचे. "धाकूदादाक इचारा" हे वाक्य घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या दोन खोल्यांत दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. मिलमध्ये मी जॉबर होतो, तीस माणसं हाताखाली. संपात मिल गेली त्याला चार वर्षं झाली होती, आणि मी एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसत होतो. तिथं माझं कोण ऐकणार? येणाऱ्या गाड्यासुद्धा हॉर्न मारून मलाच हुकूम द्यायच्या. पण घरी आलो की मी पुन्हा जॉबर. धाकटा भाऊ गुणाजी, अडतीस वर्षांचा बाप्या, दोन मुलींचा बाप, शर्ट शिवायचा म्हटलं तरी आधी मला कापड दाखवायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

गुणाजी नाहूरला एका कारखान्यात हेल्पर होता. त्या वर्षी त्याला जूनपासून खोकला धरला. कारखान्याच्या डॉक्टरनं औषधाच्या दोन बाटल्या पाजल्या. खोकला जाईना, वर छातीत जड वाटायला लागलं, चार पायऱ्या चढला की थांबायचा. मग घाटकोपर स्टेशनजवळच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, आणि तिथून मुलुंडच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात पाठवणी झाली. तिथं डॉक्टर विद्याधर सबनीस म्हणून छातीचे मोठे सर्जन मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. माझी ड्यूटी होती, म्हणून गुणाजीबरोबर त्याची बायको सुलक्षणा गेली. संध्याकाळी घरी आली ती दारातच बसली.

"छातीत गाठ आहे, भावोजी. नारळाएवढी. ऑपरेशन करायला पाहिजे म्हणतात, आणि लवकर."

गुणाजी माझ्याकडे बघत होता. मी काय बोलणार? छाती फाडायची म्हणजे काय हर्नियाचं ऑपरेशन आहे? मी म्हटलं, आधी देवाला विचारू.

आमच्याकडे कौल लावल्याशिवाय मोठं काम होत नाही. लग्न असो, विहीर असो. गाभाऱ्यात रवळनाथाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवायचे, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि मग बघत बसायचं. उजव्या अंगाचा कळा आधी पडला तर होकार, डाव्या अंगाचा पडला तर नकार. पहिल्याला म्हणायचं देवानं उजवी दिली, दुसऱ्याला डावी दिली. मी गावाला काशीरामला, आमच्या चुलतभावाला, पत्र टाकलं. आठव्या दिवशी त्याचं कार्ड आलं. एकच ओळ. "देवान उजवी दिल्यान, बिनघोर करा."

झालं. सोमवारी गुणाजीला मुलुंडला भरती केलं. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं.

मंगळवारी मी रजा काढून गेलो. सबनीस डॉक्टर भला माणूस, उगाच खोटं कशाला सांगू? खाटेवर बसून, गुणाजीच्या उघड्या छातीवर बोटानं रेघ ओढून त्यांनी आम्हाला समजावलं.

"छातीत जायच्या वाटा दोन," ते म्हणाले. "एक समोरून. मधलं हाड वरपासून खालपर्यंत करवतीनं चिरायचं आणि दोन्हीकडे फाकवायचं. दुसरी बाजूनं. पेशंटला कुशीवर निजवायचं, बगलेखालून पाठीपर्यंत कापायचं आणि दोन बरगड्यांच्या मधून आत जायचं. यांची गाठ मधोमध सुरू होते, पण डावीकडे मागे गेलेली आहे. समोरून गेलो तर हृदय वाटेत येतं, मागचं दिसत नाही. म्हणून आपण डाव्या बाजूनं जाणार. आत्ता तेवढ्यानं काम होईल असं मला वाटतं."

"डाव्या बाजूनं?" गुणाजीनं विचारलं.

"हो, डाव्या."

डॉक्टर गेले तसा गुणाजीनं माझा हात धरला. "दादा, देवान उजवी दिल्यान आणि हे डावी कापतत. माका ह्या बरा दिसत नाय."

"गप रव," मी म्हटलं. "उजवी म्हणजे होय. देव काय डॉक्टर आसा, बाजू सांगूक?"

तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं ते राहिलं नाही.

बुधवारी दुपारी भेटायच्या वेळेला गेलो तर गुणाजी झोपला होता. खाटेखाली छातीच्या फोटोचं खाकी पाकीट होतं. तो फोटो मी एकदाही नीट बघितला नव्हता. म्हटलं बघू तरी, काय नारळ धरलाय माझ्या भावानं छातीत. पाकीट घेऊन व्हरांड्याच्या खिडकीशी गेलो आणि फोटो उजेडात धरला. बरगड्या मोजता येत होत्या. मधे पांढरा गोळा होता, आणि तो गोळा माझ्या उजव्या हाताच्या बाजूला झुकलेला होता.

मी फोटो खाली केला, डोळे पुसले, पुन्हा वर धरला. गोळा उजवीकडेच. मग वाटलं, आपण उलटा तर धरला नाही? वरच्या कोपऱ्यात, डाव्या हाताला, इंग्रजी आर होता. मला इंग्रजी अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. फोटो काढणाऱ्याची खूण असेल असं मी समजलो. पण आर सरळ दिसत होता, म्हणजे फोटो सरळ धरलाय. एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मग माझ्या अंगावर काटा आला. देवानं उजवी दिली. देवानं बाजूसुद्धा सांगितली होती, गुणाजीला ती कळली होती, आणि मीच त्याला गप केलं होतं. आणि हे लोक परवा त्याची चांगली बाजू फाडणार.

वॉर्डात सबनीसांच्या हाताखालचा तरुण डॉक्टर होता. मी त्याला विचारलं, "डॉक्टर, बाजू नक्की डावीच ना?"

त्यानं कागदावरून मान वर केली नाही. "काका, सरांनी ठरवलंय. तुम्ही नका डोकं चालवू."

तेवढं एक वाक्य मला पुरलं. फोटो पाकिटातच राहिला. त्याला दाखवला असता तर? रोज विचारतो मी स्वतःला. पण मिलमध्ये बावीस वर्षं मी एकच गोष्ट बघितली होती. साहेबाची चूक दाखवली की आधी कागद गायब होतो. फोटो यांच्या हातात दिला तर तो परत मिळायचा नाही, असं मला वाटलं.

सुलक्षणा डबा घेऊन आली तेव्हा तिला मी खिडकीशी नेलं. तिनं फोटो बराच वेळ बघितला.

"मला पण उजवीकडेच दिसतंय," ती हळू म्हणाली. "पण भावोजी, परवा मोठे डॉक्टर येतील ना. आपण त्यांना एकदा विचारूया तरी."

"परवा ते विचारायला येणार नाहीत, कापायला येणार आहेत."

"कापायच्या आधी विचारू. मी विचारते."

"तू विचारतेस? आणि त्यांनी गप बसवलं तर? ह्याला आत नेला तर बाहेर बसून काय करशील?"

ती डबा उचलून खाटेकडे गेली. आमच्या घरात माझ्यापुढं एवढंच बोलायची रीत होती, आणि ती रीत मीच पाडली होती.

गुरुवारी सकाळी मी सही करून गुणाजीला बाहेर काढला. "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत" असं त्या कागदावर मराठीत छापलेलं होतं, मी ते वाचून सही केली. रिक्षात बसल्यावर गुणाजीला सगळं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा गुडघा धरून तो म्हणाला, "तू नसतंस तर मेल्यांनी माका जित्तो मारल्यानी असतो." मी खूश झालो. चार वर्षांत तेवढा खूश झालो नव्हतो.

दुसरा डॉक्टर बघायचा, डावं-उजवं कळणारा, असं मी ठरवलं होतं. पण गणपती दहा दिवसांवर आले होते. आमचा माणूस गणपतीला गावी गेला नाही तर तो मेला असं समजतात. म्हटलं, जाऊन येऊ, देवाच्या पायावर घालू, मग शांतपणे बघू. गावात गुणाजी देवळापर्यंत चालत गेला, दोनदाच थांबला. काशीरामनं घराघरांत गोष्ट सांगितली. लोक मला ओट्यावर बसवून चहा द्यायचे आणि म्हणायचे, धाकू होतो म्हणान वाचलो. मी एकच गोष्ट पाच घरांत सांगितली, आणि दर घरी तो तरुण डॉक्टर थोडा जास्तच मूर्ख झाला.

दसऱ्याच्या सुमाराला परत आलो तेव्हा गुणाजी सकाळी उठला की त्याचं तोंड सुजलेलं असायचं. गळ्यावरच्या शिरा दोरीएवढ्या दिसायच्या. मग तो आडवा होईना. पाठ टेकली की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भिंतीशी बसून, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर डोकं ठेवून झोपायचा. नव्या डॉक्टरकडे जायचं तर नवा फोटो पाहिजे. मी त्याला घाटकोपरच्या त्याच दवाखान्यात घेऊन गेलो.

फोटो काढणारा चंद्रप्रकाश म्हणून होता, माझ्याच वयाचा, पान खाणारा. त्यानं नवा फोटो दिव्याच्या पेटीवर लावला आणि च्च केलं. शेजारी मी जुना लावायला दिला. गोळा दुप्पट झाला होता.

"तरी नशीब," मी म्हटलं. "ते मुलुंडवाले डावीकडून कापत होते. मी अडवलं."

"डावीकडूनच कापणार ना मग?" चंद्रप्रकाश म्हणाला. "डावीकडेच तर आहे."

"हो? आंधळा समजलास मला? ही काय उजवी बाजू." मी फोटोवर बोट ठेवलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही, हे त्याचे उपकार. "काका, हा फोटो समोरून बघायचा. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं. त्याची डावी ती आपली उजवी. हा आर बघा. राइट. त्याची उजवी बाजू इकडे आहे."

लहानपणी माझ्या आजोबांनी मला गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभं करून हेच शिकवलं होतं. कळा कुठल्या अंगाचा पडला ते आपल्या हातावरून मोजू नको, देव आपल्याकडे तोंड करून आहे, देवाची उजवी ती आपली डावी. आमच्या गावात सहा वर्षांच्या पोराला हे कळतं. मी शंभर वेळा कौल बघितला असेल, एकदाही चुकलो नाही. आणि भावाची छाती समोर धरली तर ती मला माझीच छाती वाटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल नव्हता, भाऊ होता.

गुणाजी बाहेर बाकावर उशीवर डोकं ठेवून बसला होता. "काय म्हणता रे तो?" त्यानं विचारलं.

"परत मुलुंडाक जावया," मी म्हटलं.

"त्यांची चूक त्यांका गावली?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, मला आठवत नाही.

शुक्रवार होता. सबनीस डॉक्टरांना मी गाठलं जिन्यात, आणि तिथंच सगळं सांगितलं. कौल, फोटो, आर, सही. एकही गोष्ट लपवली नाही. त्यांनी ओरडायला पाहिजे होतं. थोबाडीत दिली असती तरी मी घेतली असती. ते नुसते कठड्याला धरून उभे राहिले.

"तेव्हा निघाली असती?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण तेव्हा तो आडवा झोपू शकत होता."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. दुसऱ्या दिवशी, गुणाजीला पुन्हा भरती केल्यावर कळला, जेव्हा ते आपला वार नसताना भूल देणाऱ्या डॉक्टर कुंदाबाईंना घेऊन आले आणि सुलक्षणाला आणि मला बाजूच्या खोलीत बसवलं.

"आता एका वाटेनं भागणार नाही," सबनीस म्हणाले. "गाठ समोर आहे, मागे आहे, डावीकडे भरून आहे. मधलं हाड वरून निम्म्यापर्यंत चिरावं लागेल, तिथून डावीकडे बरगड्यांमध्ये वळावं लागेल, आणि छातीचा तो सगळा कोपरा कपाटाच्या दारासारखा उघडावा लागेल. ते करता येतं. पण त्यासाठी पेशंट उताणा पाहिजे."

"आणि मी त्याला उताणा झोपवून भूल दिली," कुंदाबाई म्हणाल्या, "की अंग सैल पडतं. गाठ श्वासाच्या नळीवर बसेल. मी रबरी नळी घातली तरी ती दाबाच्या खालपर्यंत पोचेल याची खात्री नाही."

"बसवून द्या ना भूल," मी म्हटलं.

"देईन. बसवूनच देणार. पण कापायला आडवा करावाच लागेल, दादा."

"गाठ आधी औषधानं लहान करता येत नाही?" सुलक्षणानं विचारलं.

"सुया सुरू करू," सबनीस म्हणाले, "पण त्यांना वेळ लागतो, आणि वेळ आपल्याकडे नाही. मशीनचा शेक द्यायचा म्हटला तरी मशीनखाली पाठीवरच झोपावं लागतं."

कुठूनही बघा, वाट त्या पाठीपाशी येऊन अडत होती. समोरून म्हणा, बाजूनं म्हणा, आधी त्याला पाठ टेकता यायला हवी होती, आणि ती सात आठवड्यांपूर्वी येत होती. तेव्हा तो भर दुपारी या वॉर्डात पसरून घोरत होता आणि मी खिडकीशी फोटो बघत होतो.

"नाही केलं तर?" सुलक्षणानं विचारलं.

"पंधरा दिवस. कदाचित तीन आठवडे. केलं तर टेबलावरही जाऊ शकतो. तुम्ही घरात बोलून ठरवा."

आम्ही गुणाजीकडे गेलो. डॉक्टरांनी त्याला हलक्या शब्दांत विचारलं, ऑपरेशन करू या का? गुणाजीनं उशीवरून डोकं उचललं, दम घेतला आणि म्हणाला, "माका काय इचारतास? दादाक इचारा." आणि मग शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला, तेवढ्या दमात, कौतुकानं सांगायला लागला, "माझो दादा नसतो तर मागच्या वेळेक भलतीच बाजू कापली असती."

सबनीस डॉक्टरांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं, मला बोलावं लागलं नसतं. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, गुण्या, बाजू बरोबर होती, चूक माझी होती. सगळे माझ्या शेवटच्या शब्दाची वाट बघत होते आणि माझ्याकडे पहिलाच शब्द नव्हता.

"करा," सुलक्षणा म्हणाली. मला न विचारता, माझ्याकडे न बघता. "मी सही करते."

मंगळवारी सकाळी त्याला नेला, ढकलखुर्चीवर, बसवून. दारातून आत जाताना तो माझ्याकडे बघून हसला. ती दारं लागली आणि सुलक्षणा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी बाकावर बसलो. देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हटलं, पण कुठल्या तोंडानं? त्यानं तर होकार दिला होता. करा म्हणाला होता, बिनघोर करा म्हणाला होता. त्याचं मीच ऐकलं नव्हतं.

अडीच तासांनी सबनीस बाहेर आले. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. श्वास सांभाळला गेला, ते म्हणाले, कुंदाबाईंनी जिवाचं रान केलं. छाती उघडली. पण गाठ हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला सगळीकडून वेढून बसली होती. सोडवायला गेलं तर वाहिनीच फाटणार. तपासायला एक तुकडा घेतला आणि छाती परत बंद केली.

"म्हणजे गाठ?" सुलक्षणानं विचारलं.

"आहे तिथंच आहे."

सुलक्षणा खाली बसली. मी तिला हात द्यायला वाकलो. तिनं तो घेतला नाही, आपली आपण उठली.

तिसऱ्या दिवशी गुणाजीच्या तोंडातली नळी काढली. खाटेचं डोकं उंच करून त्याला बसता ठेवला होता. गळ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत आणि तिथून डावीकडे बगलेपर्यंत पट्टी होती. आम्ही दोघं खाटेशी उभे होतो. त्यानं डोळे उघडले, पट्टी चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. सुलक्षणाकडे नाही, माझ्याकडे.

"गेली मां, दादा?"

सुलक्षणाला सगळं ठाऊक होतं. गाठीचंही आणि माझंही, चंद्रप्रकाशकडून आलो त्याच रात्री मी तिला सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं ती बोलेल.

"गेली," मी म्हटलं.

त्यानं माझं बोट धरलं. त्याच्या हातात जोर नव्हता, तरी धरलं. "तुझ्यामुळा वाचलंय," तो म्हणाला.

त्यानंतर तो अकरा दिवस होता. भटवाडीची माणसं यायची, कारखान्यातली यायची, आणि दम पुरला तर तो प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचा, दादानं फोटो कसा बघितला, डॉक्टरांची चूक कशी पकडली आणि आपला जीव कसा वाचवला. मी शेजारी उभा असायचो. तो सांगून थकला की त्याला पाणी पाजायचो.